मागच्या सीटवरचा वारा

"अजून वाक," गोपाळकृष्ण म्हणाले.

"काका, अजून वाकलो तर तुमच्या खिशात जाईन."

"शालूचं डोकं माझ्या खांद्याशी येतं. तेवढा झालास की पुरे."

मोटारसायकलच्या मागच्या सीटवर बसलेला चांद निमूटपणे पाठ वाकवून तेवढा झाला. विश्रांतवाडीला आळंदी रस्त्यावर त्याचं दुकान होतं. लांबच्या प्रवासाला निघणाऱ्यांच्या गाड्यांना तो पेट्या, दिवे, काचा बसवून द्यायचा. तऱ्हेवाईक गिऱ्हाइकं त्यानं बरीच पाहिली होती, पण बायकोच्या उंचीचं होऊन मागे बसायला लावणारं हे पहिलंच. रविवारची सकाळ होती, रस्ता मोकळा होता. गोपाळकृष्णांनी गाडी आळंदीच्या दिशेला काढली.

पुढची काच ही तिसरी. गाडीबरोबर आलेली बुटकी होती, तिच्यावरून येणारा वारा थेट त्यांच्याच हेल्मेटवर आपटायचा. दुसरी उंच घेतली, तर वारा त्यांच्या डोक्यावरून जायचा आणि नेमका मागच्याच्या तोंडावर उतरायचा. त्यांना स्वतःला ती झकास होती, पण हा खटाटोप स्वतःसाठी नव्हताच. दिवाळीत वाईहून परत आल्यावर शालूनं हेल्मेट काढून त्यांच्या हातात दिलं होतं. म्हणाली होती, "मागे वारा फार लागतो. कान दुखतात. आता तुम्हीच जात जा."

ते गेलेही. निवृत्तीनंतर एवढं मोठं धूड घेतलं होतं ते दोघांनी हिंडायचं म्हणून. एकटे निघाले की खडकवासल्याच्या पाण्यापर्यंत जायचे, एक कणीस खायचे आणि परत यायचे. एकट्यानं कणीस खाऊन येणं म्हणजे काही प्रवास नव्हे. त्यांना शालूला घेऊन हंपीला जायचं होतं.

जन्मभर कंपनीत त्यांनी लोकांच्या तक्रारी निस्तरल्या होत्या. पंप आवाज करतो म्हटलं की पंप उघडायचा. वारा लागतो म्हटलं की काच बदलायची. त्यांच्या लेखी प्रश्न एवढा सरळ होता. वारा कुठून कुठे जातो ते दिसावं म्हणून शालूच्या विणकामाच्या टोपलीतली तांबडी लोकर घेऊन त्यांनी तिचे बोटभर तुकडे काचेच्या कडेला आणि चांदच्या हेल्मेटला चिकटवले होते. टोपली तेव्हा शालूच्या मांडीवरच होती. लोकर कशाला, एवढंही तिनं विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही. काम फत्ते झाल्यावरच सांगू, असं मनाशी म्हणाले.

पहिल्या फेरीत चांदच्या हेल्मेटवरची लोकर आरशात नुसती थयथय नाचत होती. दुकानात परत येऊन चांदनं काचेखाली जाड वॉशर घातले, काच थोडी वर घेतली आणि मागे कलती केली. पुन्हा निघाले. वेग वाढला तसे गोपाळकृष्ण आरशात बघत राहिले. लोकर हेल्मेटला चिकटून गपगार पडली होती.

"काका, इथं वारंच नाही," चांद म्हणाला. "तुम्ही हळू बोललात तरी ऐकू येईल."

"येतंय ऐकू?"

"येतंय की. बोला ना."

गोपाळकृष्णांना बोलायला काही सुचलं नाही. ते गाडी वळवून परत आले.

दुकानाच्या दारात गाडी उभी करून त्यांनी लगेच घरी फोन लावला. कानाला कमी ऐकू यायचं, म्हणून त्यांचा फोन नेहमी स्पीकरवर.

"अगं, बंद झाला वारा."

"कसला वारा?"

"मागचा. तुला लागायचा तो. चांदला तुझ्याएवढा करून बसवला होता, दोरासुद्धा हलला नाही. आता हंपीला निघू."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. ती संपेपर्यंत शालू थांबली.

"अहो, वाऱ्याचं मी आपलं काहीतरी सांगितलं होतं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. भाजी कुठली करू, हे विचारताना असायचा तोच आवाज. "दिवसभर तुमच्या पाठीकडे बघत बसायचं. ते काय, घरी बसूनही होतं."

गोपाळकृष्णांनी काचेच्या कडेचा लोकरीचा एक तुकडा ओढून काढला.

"येताना कोथिंबीर आणा," म्हणून तिनं फोन ठेवला.

चांदला एकदम कुठलासा पाना हवा झाला आणि तो खाली बसून डबा धुंडाळू लागला. बराच वेळ धुंडाळून झाल्यावर म्हणाला, "काका, काच परत खाली घेऊ का? एकट्याला एवढी उंच लागत नाही."

"चांद, तू पुढे बस जरा."

"मी चालवू?"

"नको. नुसता बस."

चांद पुढे बसला, सवयीनं त्यानं हँडलही धरलं. गोपाळकृष्ण बाजूच्या पेटीला अडखळत मागच्या सीटवर चढले. गाडी घेतल्यापासून तिथे ते कधी बसले नव्हते. गुडघ्यांवर हात ठेवून ते वाकले, मग आणखी थोडे वाकले, आणि शालूएवढे झाले. समोर चौकड्यांचा शर्ट होता. शिवणीवर एक धागा सुटला होता. इतक्या खटपटीनं बसवलेली काच तिथून दिसत नव्हती आणि रस्ताही दिसत नव्हता.

"काका, काय बघायचंय?" चांदनं मान न वळवता विचारलं.

त्या पाठीला काय सांगावं, ते गोपाळकृष्णांना कळेना.