कोपऱ्यातलं बोट

"बोट कुठं गेलं रे त्यांचं?" आईनं फोटोंची डीव्हीडी मध्येच थांबवली.

धीरज भडकला. "कापलं! पप्पांच्या वर्षश्राद्धाला पाहुण्यांना दाखवायचीय ना? आठवडाभर कॉम्प्युटरपुढं डोळे फोडून एकेक फोटो साफ केलाय. आणि तुला ते बोट पाहिजे?"

हंपीच्या ट्रिपचे सगळे फोटो पप्पांनी काढलेले. दर फोटोच्या कोपऱ्यात त्यांचं जाडजूड बोट यायचंच. "ओ पप्पा, बोट काढा की!" धीरज खेकसायचा. त्यानं शाळा सोडल्यापासून बापलेकात एवढंच काय ते बोलणं उरलं होतं.

"रथापुढं तू, शेजारी मी," आई म्हणाली, "आणि कोपऱ्यात ते. दुसरीकडं कुठं आहेत, सांग बरं."

त्यानं सगळे फोटो परत पाहिले. पप्पा कुठंच नव्हते. मूळ फोटोही उरले नव्हते. कापलेले त्यानं त्यांच्यावरच सेव्ह केले होते. कॅमेरा तर कार्ड पुसून मामाला दिलेला.

"पुसलेले परत निघतात गं, त्याच कार्डावर नवे फोटो काढले नसले तर." तो उठलाच.

"अरे, पण मामाकडं आज बारसं..."

धीरजनं चपला पायात सरकवल्या होत्या. "निघतो मी. आत्ताच निघायला पाहिजे."