सात किलोंची बॅग

"आई, ती चटणी बाहेर काढ," धैर्यशील म्हणाला.

शालूबाईंनी कांदा-लसूण चटणीची पुडी बॅगेतून पुन्हा काढली. भडंगाचा डबा आधीच बाहेर आला होता, मग शाल, मग सून तेजस्वीची जरीची साडी. आता या एवढ्याशा पुडीवरही गदा.

"सिंगापूरला पाच दिवस चाललोय, पाच वर्षं न्हाय," तो हसत म्हणाला. "सात किलोच्या वर जरा बी चालत न्हाय. तिथंच काढून टाकायला लावत्यात."

त्यानं बॅगेला वजनकाटा अडकवून ती उचलली. "साडेसहा."

"मग अर्धा किलो हाय की! पुडी पावशेराची बी न्हाय."

"तेवढी जागा ऱ्हाऊ दे. येताना तुला काय आणायचं का न्हाय?"

शालूबाईंनी पुडी बाजूला ठेवली. चटणीचं वाईट वाटलं, पण ते 'येताना' कानाला फार गोड लागलं.

गेल्या वर्षी याच सिंगापूरहून त्याला नोकरीचं बोलावणं आलं होतं. तेव्हा शालूबाईंनी दोन दिवस अन्नाला हात लावला नव्हता. एकुलता एक मुलगा, नवरा गेलेला. रागावणार तरी कुणावर? शेवटी धैर्यशीलच ताट घेऊन समोर बसला. "सोडली ती नोकरी. आता जेव. तुला टाकून कुठं जात न्हाय." त्या शब्दावर त्या आजवर विसंबून होत्या. आता मुलगा-सून नुसती फिरायला चालली होती, तर त्यालाही नाही कसं म्हणणार?

शेजारच्या अंबूबाई दारात उभ्या राहून सगळं बघत होत्या. त्यांचा सम्राट दोन महिन्यांसाठी म्हणून कॅनडाला गेला, तो तिकडचाच झाला. तेव्हापासून परदेशाचं नाव निघालं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडत.

"शालू, जरा जपून गं," त्या शालूबाईंच्या मागोमाग स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाल्या. "माझा बी असाच हसत गेलता."

"तुझा तीन मोठ्या बॅगा भरून गेलता, अंबू. कुकरसुद्धा नेलता त्यानं. आणि ही बघ की, शाळंच्या दप्तराएवढी! कायमचा जाणारा माणूस एवढ्यावर जातोय व्हय?"

अंबूबाई पदर खोचत दाराकडं वळल्या. शालूबाईंना बरंच वाटलं. मैत्रिणीचं तोंड बंद करण्यात एक वेगळीच मजा असते.

आतल्या खोलीत तेजस्वी देवघरापुढे बसली होती. एरवी ही सून देवाला लांबूनच हात जोडणारी. आज मात्र तिनं देवांचे पाचही टाक चिंच लावून घासले, पुसून कोरडे केले आणि लाल कापडावर मांडले.

"तुमचे गुडघे दुखतात ना आई, म्हणून म्हटलं आज मी करते."

शालूबाईंना भरून आलं. चांदीचे ते टाक घरात कितीतरी पिढ्यांचे. गगनबावड्याचं घर सोडून राजारामपुरीतल्या या फ्लॅटमध्ये सगळे राहायला आले, तेव्हा नवऱ्यानं ते शर्टाच्या आतल्या खिशात घालून आणले होते. भांडीकुंडी मागून टेम्पोनं आली. घर हललं तरच देव हलवायचे, एरवी नाही. नवरा-बायको काशीला गेले तेव्हाही टाक इथंच होते, अंबूबाई येऊन दिवा लावत होत्या. शेवटच्या दुखण्यात नवऱ्यानं धैर्यशीलचा हात धरून सांगितलं होतं, "आता देव तुझ्याकडं बाबा. तू घर करशील तिथं त्यांना न्यायचं."

"तुमी निवांत फिरून या," त्या सुनेला म्हणाल्या. "दिवाबत्ती माझ्याकडं लागली."

तेजस्वीनं मान खाली घालून देवघराची दारं लावली.

दुपारी ती आवरायला गेली, धैर्यशील फोनवर होता. तेवढ्यात शालूबाईंनी चटणीची पुडी बॅगेत मोज्यांच्या खाली सरकवली. एवढा मोठा इंजिनियर, आणि आईची चटणी जड होते म्हणे! तिथलं मिळमिळीत जेवण पुढ्यात आलं की आठवेल आई.

खाली गाडीचा हॉर्न वाजला. शालूबाईंनी दोघांच्या हातावर दही-साखर ठेवली. धैर्यशीलनं बॅग उचलली.

"देवाच्या पाया पडून येतो," तो म्हणाला आणि बॅग घेऊनच आत गेला. दार लोटून घेतलं. जरा वेळच लागला त्याला. बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते.

"आरं, पाच दिवसांसाठी रडतोस व्हय?" शालूबाईंना हसूच आलं.

वाकून त्यानं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि उठेचना. शेवटी तेजस्वीनं त्याला दंडाला धरून उठवलं.

गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत शालूबाई गॅलरीतून हात हलवत राहिल्या. मग आत येऊन, कुणी बघत नाही ना हे पाहून, त्यांनी मुलाचं कपाट उघडलं. शर्ट, स्वेटर, लग्नातला कोट, तेजस्वीच्या साड्या, सगळं जागच्या जागी. त्यांना स्वतःचीच लाज वाटली. अंबूच्या नादाला लागून पोटच्या पोरावर संशय घ्यायचा म्हणजे काय!

दिवेलागणीला अंबूबाईंनी गॅलरीतून हाक मारली. "गेली व्हय गं पोरं?"

"गेली की! बुधवारी येत्यातच," शालूबाई ठसक्यात म्हणाल्या.

मग त्यांनी हातपाय धुतले, वात तेलात भिजवली आणि देवघराची दारं उघडली.

लाल कापड नीट अंथरलेलं होतं. त्यावर टाक नव्हते. त्यांच्या जागी चटणीची पुडी ठेवलेली होती.