दोन घोटांचा प्याला

बोतिरने घड्याळ पुन्हा पाहिलं. बारा वाजून दहा मिनिटं. एक वाजता त्याच्या धाकट्या भावाची वरात मर्गिलानला निघायची, मुलीच्या दारात. गल्लीत अकरा गाड्या सजून उभ्या, कर्णेवाले येऊन बसलेले, आणि जिने सगळ्यांच्या पुढे वाजत जायचं ती गाडी इथे हमदम उस्ताच्या, गाड्यांत आवाज बसवणाऱ्या कारागिराच्या, अंगणात डिकी वासून पडली होती.

डिकीत परातीएवढे दोन सबवूफर होते. ते बोतिरने एका दुकानातून घेतले आणि ॲम्प्लिफायर भलत्याच दुकानातून, नुसता डब्यावरचा आकडा बघून. घोळ तिथेच झाला.

"तीन हजार वॉट लिहिलंय त्यावर," तो म्हणाला.

"तीन हजार म्हणतोय हा," जर्दाळूच्या झाडाखाली बाजेवर बसलेली सलोमत, उस्ताची बायको, जरा मोठ्यानं म्हणाली.

"लिहायला काय जातंय," उस्ता म्हणाला. "निकाहाआधी मला सासूबद्दलही बरंच काही सांगितलं होतं."

सलोमतने नाक मुरडलं आणि बोतिरला चहा दिला. तळाशी दोन घोट, रीतीप्रमाणे. पाहुण्याला दोनच घोट द्यायचे, म्हणजे तो पुन्हा मागतो, टेकतो. काठोकाठ भरून दिला तर समजून घ्यायचं, प्या आणि वाटेला लागा. बोतिर काही टेकला नाही. उभ्यानंच प्यायला आणि प्याला परत दिला.

उस्ताने आधी जोडणी बदलली. होती तशी ठेवली असती तर सबवूफरनी इतकी वीज ओढली असती की ॲम्प्लिफायर अर्ध्या वाटेत तापून गप्प झाला असता. आता ओझं झेपण्याजोगं झालं. उरलं आवाज कुठवर चढवायचा ते. हे काम कानाचं, आणि कोकंद शहरात कान म्हणजे हमदम उस्ता. लोक लांबून येत ते त्या कानासाठी.

उस्ताने स्वतःचा प्याला, त्यातही दोनच घोट, सबवूफरच्या खोक्यावर ठेवला. एकसुरी घुमारा लावला आणि ॲम्प्लिफायरवरचा आवाजाचा स्क्रू हळूहळू फिरवला. चहावर गोल कडी उठली, एकात एक. आणखी फिरवला तशी कडी मोडली, चहाच्या अंगावर काटा आला. त्याने स्क्रू जरासा मागे घेतला.

"बस. इथवर."

बोतिर उसळला. एवढ्यासाठी का मी परातीएवढे दोन आणले? मुलीकडच्यांच्या गाडीत चार आहेत, आमचं हसू होईल, आणखी दोन फेरे द्या, असं तो येरझारा घालत बोलत होता आणि सलोमत त्याचं निम्मं पुन्हा म्हणत होती.

"गाढवावर उंटाचं ओझं घालून वर चाबूक मारला तर ते पळत नाही, बसतं," उस्ता म्हणाला. "ॲम्प्लिफायरला ओरडायला लावलंस की आवाज फाटतो, आणि फाटका आवाज सबवूफर जाळतो. भावाच्या सासरच्या दारात धूर काढायचाय का तुला?"

बोतिरची नजर खोक्यावरच्या प्याल्यावर अडकली. उस्ता सगळा वेळ चहाकडे बघत होता. कान एकदाही त्या बाजूला केला नव्हता.

घुमारा थांबला. उस्ता वाकून तारा आवळू लागला. बोतिर त्याच्या पाठीमागे जाऊन उभा राहिला आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाला, "उस्ता, तुम्हाला ऐकू येत नाही."

उस्ता तारा आवळत राहिला.

"हे मी गल्लीत सांगितलं, तर उद्या तुमच्या दारात कोण येईल?"

उस्ता काही वळला नाही. वळली सलोमत. गेली दोन वर्षं ती नवऱ्याच्या समोर, त्याला ओठ दिसतील अशी बसून गिऱ्हाइकाचं बोलणं त्याच्यापर्यंत पोचवत आली होती. हे मात्र तिने पोचवलं नाही. तिला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. ती उठली. खोक्यावरचा प्याला उचलला, किटली कलती केली आणि चहा ओतत राहिली, अगदी काठापर्यंत, बोटांवर सांडेपर्यंत. मग डावा हात छातीशी धरून, अगदी अदबीनं, तो बोतिरपुढे केला.

कोकंदच्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. बोतिरचे कान लाल झाले. गल्लीतून कुणीतरी कर्णा फुंकून पाहिला. खिशातला फोन वाजायला लागला. गाडी त्याची होती, आणि स्क्रूला आणखी दोन फेरे त्याला स्वतःलाही देता आले असते.

त्याने फोन बंद केला. प्याला घेतला. जर्दाळूच्या बुंध्याशी जाऊन चहा थोडा थोडा ओतत राहिला आणि तळाशी दोन घोट उरले तसा थांबला. मग वळसा घालून तो उस्ताच्या समोर आला, त्याला आपलं तोंड दिसेल असा, आणि प्याला खोक्यावर होता तिथेच ठेवला.

"उस्ता," तो सावकाश म्हणाला, "निघायच्या आधी पुन्हा एकदा बघून घ्या."

उस्ताने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग बायकोच्या ओल्या बोटांकडे. त्याने घुमारा लावला. चहावर पहिलं कडं उठलं, आणि बोतिर सकाळपासून पहिल्यांदाच बाजेवर टेकला.