जन्माची मुकी

जपान हरला आणि माझा कोरियन नवरा मानगिल मला टोकियोहून बुसानला, आपल्या घरी घेऊन आला. सासूबाईंनी उंबऱ्यातच बजावलं, "आजपासून तू मुकी. दाराबाहेर अवाक्षर काढायचं नाही."

मासळी बाजारात त्या सगळ्यांना सांगत, "सून जन्माची मुकी आहे."

"मानगिलच्या आई, नशीब काढलंत! उलट उत्तराची भीतीच नाही," असं म्हणून बायका खिदळायच्या. सासूबाईही हसायच्या. जपानी सुनेची यांना एवढी लाज वाटते, हे मला फार लागायचं.

एकदा किमचीच्या कोबीला मीठ चोळताना मी म्हणालेच, "आई, आता येते की मला तुमची भाषा."

"येते. पण उच्चार जपानीच आहेत."

"त्यानं काय होतं?"

"टोकियोत मोठा भूकंप झाला, तेव्हा मी तिथल्या गिरणीत होते. कोरियन लोकांनी विहिरीत विष टाकलं, अशी आवई उठली. नाक्यानाक्यावर माणसं बांबूचे भाले घेऊन उभी. दिसेल त्याला जपानी शब्द म्हणायला लावायची. उच्चार चुकला की संपलं."

माझे हात थांबले. "मग तुम्ही कशा वाचलात?"

सासूबाईंनी पुढचा कोबी माझ्याकडे सरकवला.

"मी जन्माची मुकी होते."