कानाडोळा

"फोटो काढू नका. पदकासोबत तर मुळीच नको," निवृत्त राजदूत म्हणाले आणि त्यांनी पदकाची पेटी उशीमागे सरकवली.

संशोधिकेला वाटलं, मोठी माणसं अशीच संकोची असतात. लाज खरं तर तिला वाटत होती. यांच्या एका मौनावर तिने अख्खं पुस्तक लिहिलं, परराष्ट्र खात्याला तसंच गप्प बसण्याचा सल्ला दिला, आणि भेटायला आली ती आज. वरातीमागून घोडं.

"तिथे नका बसू, इकडे या." राजदूतांच्या पत्नीने तिला त्यांच्या डावीकडून उठवून उजवीकडच्या खुर्चीत बसवलं. "तिकडे ऊन लागतं."

बाहेर ऊन नव्हतं. संशोधिका निमूट उठली.

तीस वर्षांपूर्वीच्या वाटाघाटींत शेजारी देशाने एक प्रस्ताव मांडला होता. दुभाष्याने डावीकडून वाकून तो राजदूतांच्या कानात सांगितला. यांनी चकार शब्द काढला नाही. पाणी प्यायले, कागद चाळत बसले. समोरचे गांगरले आणि डोंगरावरची सीमाचौकी सोडायला तयार झाले. तिच्या पुस्तकातल्या त्या प्रकरणाचं नाव होतं 'कानाडोळा'.

आज त्याच चौकीवरून पुन्हा बोलणी चालू होती. तिचा धाकटा भाऊ तिथेच तैनात होता. बोलणी फिसकटली तर पहिला तोफगोळा कुठे पडणार, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

"साहेब, गप्प बसायचं तुम्ही आधीच ठरवलं होतं ना?"

राजदूत तिच्या तोंडाकडे टक लावून पाहत होते. या नजरेपुढे भलेभले गडबडले असतील, असं तिच्या मनात आलं.

"त्या दिवसाची मला शरम वाटते, बाई."

"शरम कसली? एक गोळी न झाडता चौकी मिळवलीत तुम्ही!"

"पदक घ्यायला नको होतं."

"मीच म्हटलं, घ्या," पत्नी हळूच म्हणाली. "दोन मुली होत्या पदरात. नोकरी टिकायला हवी होती."

तेवढ्यात संशोधिकेचा फोन वाजला. परराष्ट्र खात्याचे सचिव होते.

"मॅडम, तुमचं औषध लागू पडतंय! त्यांनी प्रस्ताव दिलाय आणि आपली माणसं मख्ख. आता मात्र ते चिडलेत. उत्तर नाही दिलं तर उठून जाऊ म्हणतात. काय करू? गप्पच राहायचं ना?"

फोनवर हात ठेवून ती राजदूतांकडे वळली.

"साहेब, एवढंच सांगा. प्रस्ताव ऐकल्यावर नेमकं काय आलं हो तुमच्या मनात?"

राजदूतांनी पत्नीकडे पाहिलं. तिने मान हलवली. सांगून टाका.

"दुभाषा डाव्या कानाशी बोलत होता, बाई. त्या कानाने मला ऐकू येत नाही, आणि चारचौघांत पुन्हा सांग म्हणायची लाज वाटली."