परसातली बोर

सासऱ्यांनी परसातल्या झाडाचं पहिलं बोर चाखलं, बी थुंकली आणि कुऱ्हाड मागितली. "गोड हाये. तोडा लागन."

जंगलाला लागून असलेल्या त्या गावाची रीतच तशी होती. गोड बोरी दूर नाल्याकाठी जोपासायच्या, त्या अस्वलांच्या. घराजवळ फक्त आंबट. नाल्यावरच पोट भरलं की अस्वल गावाकडे फिरकत नाही.

पण सुनेला गोड बोरं आवडायची. म्हणून नवऱ्यानं नाल्याकाठच्या बोरीचा डोळा आणून परसातल्या आंबट बोरीवर गुपचूप कलम केलं होतं. आता तिला सातवा महिना होता. "मामाजी, एवढा हंगाम राहू द्या ना," ती म्हणाली. तिच्या पोटाकडे पाहून म्हाताऱ्यानं कुऱ्हाड खाली ठेवली.

माघातल्या एका पहाटे नवरा तिच्यासाठी बोरं वेचायला गेला. झाडाखाली अस्वल आधीच आलेलं होतं. धुक्यात दोघांनाही एकमेकांची चाहूल लागली नाही. लोक धावले, तेव्हा त्याच्या मुठीत बोरं तशीच होती.

तेराव्यानंतर सासऱ्यांनी झाड तोडलं. कलमाच्या खालचं जुनं खोड मात्र पुन्हा फुटलं आणि काही वर्षांनी त्याला बोरं लागली. सासरे कुऱ्हाड घेऊन उभे राहिले, पण चाखायला त्यांचा हात पुढे होईना. शेवटी पोराला कडेवर घेऊन तिनंच एक बोर चावलं.

"आंबट हाये, मामाजी," ती म्हणाली. "राहू द्या."