डाव्या हाताची वीण

बायको गेल्याचं कळलं त्या दिवशी दुकान उघडंच राहिलं. सकाळी तपासणीला म्हणून ती एकटीच दवाखान्यात गेली होती. दुपारी फोन आला आणि तो होता तसा, पायात चपलाही न घालता निघाला. संध्याकाळी शेजारच्या शिंप्याने शटर ओढून घेतलं. दुसऱ्या दिवशी किल्ली देताना शिंपी म्हणाला, "बघून घ्या एकदा. काही गेलेलं नाही."

त्याने किल्ली खिशात टाकली.

त्यानंतर शटर वर गेलं ते आज, दुकान आवरायला. मुलगी आली होती. बाबांना आपल्याकडे न्यायचं तिने ठरवलं होतं आणि त्यानेही हो म्हटलं होतं. नाही म्हणायलाही बळ लागतं.

तयार टोपल्या आणि पेटारे मुलीने भिंतीशी रचले. मधे एकच राहिली. लांबट, बसकी, अर्धी विणलेली. उभे वेत वर तसेच मोकळे.

"ही कोणाची?"

"सिस्टरांची. त्यांच्या कुत्र्यासाठी."

"जमणार नाही म्हणून सांगून टाकू."

सांगायला जावं लागलं नाही. उघडं शटर बघून सिस्टर स्वतःच आल्या. नोकरी संपून बरीच वर्षं झाली होती, तरी गल्लीत त्यांना सगळे सिस्टरच म्हणत. मागून त्यांचा म्हातारा कुत्रा आला आणि उंबऱ्याशीच बसला.

"भाऊ, मी टोपलीसाठी नाही हो आले," सिस्टर म्हणाल्या. मग त्यांची नजर टोपलीवर गेली. "ह्याला मात्र गार फरशीवरून उठवत नाही आता. सांधे गेलेत. माझेही गेलेत, पण मला कोण टोपली विणून देतंय!"

मुलगी हसली. तोही हसला, आणि तेवढ्यानेच त्याला दमल्यासारखं झालं.

"उद्या देतो," तो म्हणाला.

"बाबा, उद्या सकाळी निघायचंय."

"निघायच्या आधी देऊ. अर्धी तर झालीये."

त्याने वेत पाण्यात टाकला. तो मऊ पडल्यावर टोपली पायांत धरून तो खाली बसला.

वेत आणणं, चिरणं, बूड बांधणं, कड्या बसवणं ही त्याची कामं. विणणं तिचं. विणता त्यालाही येत होतं, पण ती डावखुरी. तिची वीण उजवीकडून डावीकडे जायची, त्याची डावीकडून उजवीकडे. म्हणून एका टोपलीला दोघांचा हात कधी लागला नव्हता. "तुमचा हात लागला की टोपलीचं तोंड वाकडं होतं," ती म्हणायची.

"आणि तुझ्या तोंडाचं काय?" तो विचारायचा.

दोन फेर त्याने भराभर घातले. त्याची वीण तिच्या विणीला भिडली तिथे एक रेघ उठली, भांग पाडल्यासारखी.

"छान दिसतंय की," मुलगी म्हणाली. "नक्षी वाटतेय."

"नक्षी नाही. भांडण आहे."

"मग आईचं उसवा आणि सगळी तुमच्या हाताने विणा. पटकन होईल."

खरं होतं. त्याने वीण उचकायचा टोचा घेतला आणि आधी आपले दोन फेर सोडवले. तिच्या वेताचं टोक आलं. ते तिने आत खोचून ठेवलेलं होतं, परत येऊन पुढे न्यायचं म्हणून. टोचा त्याच्याखाली घातला. टोक हललं नाही. त्याने जोरही लावला नाही.

टोचा खाली ठेवून त्याने टोपली फिरवली. उजव्या हातात उभे वेत धरले, डाव्या हाताने आडवा वेत ओढायला लागला. डावा हात ऐकेना. वेत निसटायचा, सैल पडायचा. एक फेर पूर्ण व्हायला दुपार टळली, आणि तो बोट जाईल इतका ढिला झाला. त्याने सोडवला. परत घातला. परत सोडवला. नखाशी कापलं तेव्हा बोट तोंडात धरलं आणि पुन्हा वेत उचलला.

शिंप्याने दारातून डोकावलं. "अहो, हे उलट्या हाताने काय चाललंय?"

"शिकतोय."

"आता? ह्या वयात?"

"मग कधी?"

शिंपी वळला. जाताना दाराशी ठेवलेलं खोकं त्याला ओलांडून जावं लागलं. मुलीने ते आत घेतलं, चिकटपट्टी लावली, आणि पुढचं उघडलं. खोक्यात सुऱ्या ठेवताना तिने वडिलांकडे बघितलं. खांदे पडलेले, पाठ वाकलेली. पण आई गेल्याचं कळल्यापासून पहिल्यांदाच ते कुठेतरी नीट बघत होते.

"बाबा, ती मोठी सुरी लागेल का आज?"

"राहू दे बाहेर."

"आणि पक्कड?"

"तीही."

तिने हातातली चिकटपट्टी बाजूला ठेवली. "बाबा, सकाळची गाडी गाठायचीये ना आपल्याला?"

"तू जा. आणि वाटेत सिस्टरांना सांग, उद्या नाही होत म्हणून."

"एका टोपलीसाठी थांबणार?"

"टोपली होईल गं," तो म्हणाला. "हात बसायचाय."

एक फेर घट्ट बसला होता. त्याच्यावर वीतभर वीण बाकी होती, आणि काठ वळायचा होता.